फुगवलेल्या डोममधला लघुग्रहांचा शो, प्रतापनगर: पिच्चर ठीकठाक, पोट्टा जबरदस्त

रेटिंग साडेतीन. पिच्चरला दोन, नंतरच्या प्रश्नोत्तरांना पाच, सरासरी तुम्हीच काढा.

सुट्ट्यांत प्रतापनगरच्या एका हॉलमध्ये हा फिरता तारांगण डोम लागलाय, तिकीट दीडशे, भाचा आणि त्याच्या दोस्तांना घेऊन गेलो. काळ्या कापडाचा मोठा फुगा, वाकून आत शिरायचं आणि सतरंजीवर लोळून वर बघायचं. मे महिन्यात दुपारी आत काय होत असेल ते नागपूरकराला वेगळं सांगायला नको, हवा भरणारा पंखा सतत घुरघुर करतो पण थंडावा शून्य.

पिच्चर हिंदी डबिंगवाला, अर्धा वेळ नुसते डायनासोर पळतायत. मान्य आहे बाप्पा, 6.6 कोटी वर्षांपूर्वी दहाएक किलोमीटरचा दगड मेक्सिकोत आदळला, चिक्शुलूबला साधारण 180 किमीचा खड्डा झाला, पृथ्वीवरच्या पाऊणएक प्रजाती गेल्या. पण खरा घात झाला तो नंतरच्या अंधारानं, धूळ, काजळी, गंधक वर गेलं, ऊन अडलं, झाडं गेली, मग झाडं खाणारे गेले आणि मग त्यांना खाणारे, हे सगळं दोन वाक्यांत उरकलं. शिवाय त्याच काळात आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता, सीताबर्डीच्या किल्ल्याखालचा काळा दगड त्यातलाच, आणि त्या विनाशात लाव्हाचा हात किती यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. नागपुरात शो लावता आणि याबद्दल एक शब्द नाही? बाहेरचा पिच्चर आणून लावला की असंच होते.

मग लाईट लागले, शो चालवणारा पोट्टा परात घेऊन आला आणि पैसे तिथे वसूल झाले राजेहो. परातीत रवा, त्यावर हळदीचा पातळ थर, वरून कंचा सोडला. पिवळ्यावर पांढरे फटकारे चारीकडे उडाले, चंद्राच्या फोटोत दिसतात अगदी तसे. भाच्याच्या दोस्तानं विचारलं, दादा, तिरपा फेकला तर खड्डा लांबट पडेल ना? तर म्हणे परातीत पडेल, पण खरा दगड सेकंदाला पंधरा-वीस किमीनं येतो, टेकला की स्फोटच, म्हणून फारच तिरपा नसेल तर खड्डा गोलच होतो, जाऊन बघा आपलं लोणार, 1.8 किमी आणि गोल.

बॉम्ब टाकून दगड फोडता येत नाही का, हा प्रश्न येणारच होता, आला. त्यावर त्यानं डार्ट मोहीम सांगितली. 26 सप्टेंबर 2022 ला नासानं डायमॉर्फस नावाच्या 160 मीटरच्या दगडावर यान मुद्दाम आदळवलं, तो डिडिमॉस नावाच्या मोठ्या दगडाभोवती 11 तास 55 मिनिटांत फिरायचा, टकरीनंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ कमी झाला. फोडायचं नाही, बरीच वर्षं आधी जरासा धक्का द्यायचा, बस. पण त्यासाठी दगड आधी दिसला पाहिजे. 2013 मध्ये रशियात चेल्याबिन्स्कवर आलेला वीसेक मीटरचाच होता, कोणाला पत्ताच नव्हता, उजेड पाहून लोक खिडकीशी गेले आणि मागाहून आलेल्या दणक्यानं काचा फुटून हजाराच्या वर लोक जखमी झाले. म्हणजे आकाशात असा झगझगाट दिसला तर खिडकीपासून लांब पळा, व्हिडिओ नंतर काढा.

बेन्नू लघुग्रहावरून 2023 ला आलेली 121 ग्रॅम माती आणि त्यात सापडलेली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ती, मात्र त्यानं घाईत गुंडाळली, कारण पुढच्या शोवाले दारात उभे होते. अपोफिस नावाचा लघुग्रह 13 एप्रिल 2029 ला सुमारे 32 हजार किमीवरून जाणार, धडकणार नाही, हेही बाहेर पडता पडता सांगितलं. एवढं चांगलं चालू असताना पिच्चर दहा मिनिटं कापा ना भाऊ, या पोट्ट्याला बोलू द्या.

चार वर्षांखालचं लेकरू नेऊ नका, आवाज फार मोठा आहे, आमच्या शेजारचं सुरुवातीपासून रडलं. स्लॉट शक्यतो शेवटचा घ्या, त्याच्या मागे कोणी नसते त्यामुळे प्रश्न विचारायला वेळ मिळते. पार्किंग हॉलच्या मागे आहे, पुढे गाडी लावली तर वॉचमन हाकलते.