हिरवं किवी की सोनेरी?

चवीपुरतं बोलायचं तर सोनेरी किवी सरळ गोड, हिरवं आंबटगोड. आणल्या दिवशीच कापून खायचं असेल किंवा हिरव्याने जीभ चुरचुरत असेल, तर सोनेरी घ्या, प्रश्न मिटला. दह्यादुधात घालायलाही तेच बरं. हिरव्यातलं अ‍ॅक्टिनिडिन हे विकर दुधातली आणि जिलेटिनमधली प्रथिनं तोडतं, म्हणून स्मूदी थोडा वेळ ठेवली की कडू लागते आणि जिलेटिनची जेली घट्टच होत नाही. सोनेरीत हे विकर अगदी कमी असतं. ‘क’ जीवनसत्त्वही त्यातच जास्त.

इतकं सगळं त्याच्या बाजूने असूनही माझा कल हिरव्याकडे आहे. कारण एकच, सोनेरी थांबत नाही. दुकानात ते बहुधा पिकत आलेलंच मिळतं. सहा आणली की सहाही एकदम मऊ पडतात. फ्रिजमध्ये थोडे दिवस निघतात इतकंच. जरा दुर्लक्ष झालं की गर सपक होतो, आंबूस वास येतो, आणि वरून बघून काही कळत नाही.

हिरवं कडक मिळतं, त्यामुळे कधी पिकवायचं ते आपल्या हातात राहतं. फ्रिजमध्ये ते काही आठवडे तसंच टिकतं, फक्त शेजारी सफरचंद नको. त्यातून निघणारा इथिलीन वायू किवीला अगदी थोडासुद्धा पुरतो आणि थंडीतही फळं मऊ पडू लागतात. खायच्या चार-पाच दिवस आधी लागतील तेवढीच बाहेर काढायची, पिकलेल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवून तोंड दुमडायचं. प्लास्टिकच्या पिशवीत ओल साचते आणि बुरशी धरते. दुसऱ्या दिवसापासून रोज देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबून बघायचं. मधोमध दाबलं तर तिथला गर काळवंडतो. किंचित दबलं की फळ फ्रिजमध्ये. केळ्यासोबत जास्त राहिलं तर बाहेरचा गर लिबलिबीत होतो आणि मधला पांढरा गाभा मात्र कडकच राहू शकतो. असं फळ चमच्याने धड खाताही येत नाही.

घेताना कडक पण सुरकुतलेलं फळ टाळा, ते पिकण्याआधीच सुकू लागलेलं असतं.

दोन-तीन दिवसांत संपतील एवढीच फळं आणत असाल तर सोनेरीची ही अडचण कदाचित जाणवणारही नाही. डझनभर आणून पुरवून खायची असतील, तर मी हिरवीच घेईन.