ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील मुलांसाठी महाविद्यालयाचा साहाय्य कक्ष: एका भावाचा अभिप्राय

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागातून दिवाळीच्या सुमारास दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात आणि घरची कर्ती माणसे उन्हाळ्यापर्यंत तिकडेच पडावावर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांच्या तळावर, राहतात. नेमक्या याच काळात महाविद्यालयात पहिल्या सत्राची परीक्षा आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांची धावपळ असते. माझी धाकटी बहीण नंदुरबारच्या ज्या महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तेथील विद्यार्थी साहाय्य कक्षाने आपले काम शासनाच्या तारखांबरोबर टोळीच्या तारखांशीही जुळवून घेतले आहे, आणि माझ्या मते खरा फरक त्यानेच पडतो.

सर्वांत मोलाची मदत मोबाईल क्रमांकाची झाली. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज भरताना ओटीपी आधारला जोडलेल्या क्रमांकावर येतो आणि आमच्याकडे तो क्रमांक बहुधा वडिलांचा असतो. वडील बारडोलीकडे उसाच्या फडात, फोन झोपडीत चार्जिंगविना पडलेला; इकडे मुलगी कॅफेतल्या संगणकासमोर बसून राहते आणि ओटीपीची मुदत संपून जाते. कक्षातील मॅडमनी प्रवेश झाल्या झाल्या बहिणीच्या आधारला तिचा स्वतःचा क्रमांक जोडून घ्यायला लावला, बँक खाते आधारशी संलग्न आहे का ते तपासले आणि उत्पन्नाचा दाखला आई-वडील गावी असतानाच काढून घ्यायला सांगितले.

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. मूळ दरांनुसार जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्याला त्यातून वर्षाला 43 हजार रुपये मिळतात. परंतु ते हप्त्याने येतात आणि खानावळीचे पैसे मात्र आगाऊ द्यावे लागतात. अशा वेळी घरचे मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, जास्तीची उचल (कामाआधी घेतलेले पैसे) घेतात, उचल वाढली की ती फेडायला हात कमी पडतात आणि मग शिकणाऱ्या मुलीच्याच हाती कोयता येतो. कक्षाने खानावळीच्या मालकाशी बोलून हप्ता जमा होईपर्यंत थांबण्याची तजवीज केली, ही गोष्ट मला कोणत्याही मार्गदर्शन शिबिरापेक्षा मोठी वाटते.

उणिवाही आहेत, आणि त्यांतली एक गंभीर आहे. दिवाळीच्या सुट्टीत खानावळ व अभ्यासिका दोन्ही बंद असतात आणि तेव्हाच गावच्या घराला कुलूप लागते. मुलींनी जायचे कुठे? त्या आई-वडिलांबरोबर पडावावर जातात आणि त्यांतल्या काही परत येत नाहीत. महाविद्यालयाने निदान मुलींसाठी एक खोली आणि दोन वेळचे जेवण त्या सुट्टीत चालू ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शिवाय सारा कक्ष एकाच व्यक्तीवर चालतो, आणि पालकांशी पावरीत, आमच्या आदिवासी बोलीत, बोलणारे तेथे कोणी नाही. माझी आई कक्षात अर्धा तास बसली आणि काहीही न विचारता उठली.

ज्यांना मुलांना येथे घालायचे असेल त्यांनी मे-जूनमध्ये, टोळी परतलेली असताना, कागदपत्रे घेऊन जावे आणि मुकादमाचा क्रमांकही कक्षाच्या वहीत लिहून ठेवावा. गेल्या दिवाळीत बहीण पडावावर असताना परीक्षा अर्जाची तारीख ठरल्यापेक्षा आधी आणली गेली, तेव्हा मॅडमनी त्याच क्रमांकावर फोन करून वडिलांना कळवले आणि वडिलांनी तिला दुसऱ्याच दिवशी नंदुरबारच्या गाडीत बसवले.