पेनांग की फुकेत? आजी-आजोबा आणि नातवंडांसह क्रूझवरचा एक दिवस

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझचं बुकिंग करायचं ठरलं की घरात पहिला वाद बाल्कनीवाल्या केबिनवरून होतो आणि दुसरा जेवणावरून. जहाज मधे कुठल्या बेटावर थांबणार हा मुद्दा सगळ्यात शेवटी येतो आणि ‘फुकेत? मग भारीच!’ एवढ्यावर मिटतो. आम्हीही पहिल्यांदा तसंच केलं. दुसऱ्या खेपेला पेनांग घेतलं. दोन्ही वेळा माणसं तीच नऊ: पंचाहत्तरीचे सासरे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई, नणंदेचा चार वर्षांचा मुलगा, आमची तेरा वर्षांची मुलगी आणि सगळ्यांच्या पिशव्या उचलणारे मधल्या पिढीचे आम्ही पाच.

माझं मत आधीच सांगून टाकते. घरात सत्तरीच्या पुढचं किंवा पाचच्या आतलं कोणी असेल तर पेनांग. सगळे धडधाकट असतील आणि समुद्रात डुंबायचंच असेल तर फुकेत, तेही योग्य महिन्यात. सगळा निकाल बेटावर काय बघायला आहे यापेक्षा जहाजातून पाय जमिनीवर कसा पडतो, यावर ठरतो.

धक्का की छोटी बोट

पेनांगला जहाज जॉर्ज टाउनमधल्या स्वेटनहॅम पिअरच्या धक्क्याला लागतं. टर्मिनलमधून बाहेर आलात की समोर शहरच. कोणाला तासाभरात कंटाळा आला, पोट बिघडलं, लहानग्याला झोप आली, तर एक मोठं माणूस त्याला घेऊन केबिनमध्ये परत जाऊ शकतं. बाकीच्यांचा दिवस मोडत नाही. ही सोय किती मोठी आहे ते एकदा अडकल्याशिवाय कळत नाही.

फुकेतला मोठी जहाजं बहुतेक वेळा पातोंगच्या किनाऱ्यासमोर समुद्रातच नांगर टाकून उभी राहतात. किनाऱ्यावर न्यायला छोट्या बोटी लावतात, त्यांना ‘टेंडर’ म्हणतात. त्यासाठी टोकन घ्यायचं, आपला नंबर पुकारेपर्यंत थांबायचं, मग खालच्या डेकवरून हलत्या बोटीत पाय टाकायचा. हात धरायला खलाशी असतात, पण पाऊल आपलं आपल्यालाच टाकावं लागतं. व्हीलचेअरवरच्या माणसाला चार पावलं चालता येत नसतील तर बहुतेक जहाजं टेंडरमध्ये घेत नाहीत. समुद्र खवळलेला असेल तर कप्तान उतरणंच रद्द करतो, आणि तसा अधिकार त्याला असल्याचं तिकिटाच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. मे ते ऑक्टोबर हा तिथला नैऋत्य मोसमी पावसाचा काळ. पातोंग पश्चिमेला उघडं आहे, त्यामुळे तेव्हा लाटा मोठ्या असतात आणि किनाऱ्यावर लाल बावटे लागतात. आपल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीतच तो सुरू होतो, हे बुकिंग करताना ध्यानात ठेवा. एप्रिलचा शेवट आणि मेचा शेवट यात खूप फरक पडतो.

घरच्या घरी परीक्षा घ्यायची असेल तर एक सोपा उपाय आहे. आजी-आजोबांना गेटवेवरून एलिफंटाच्या लाँचमध्ये बसवून बघा. पायऱ्यांशी लाँच वरखाली होत असते, मधे एक फट उघडते, मिटते, आणि मागचा माणूस ‘चला, चला’ म्हणत असतो. तिथे ज्यांचा चेहरा उतरला नाही त्यांना टेंडर जड जाणार नाही. सासूबाई फुकेतला उतरल्या खऱ्या, पण दिवसभर त्यांच्या मनात परतीची बोट होती. देवळात असताना मला दोनदा म्हणाल्या, “अगं, जाताना समुद्र असाच असेल ना गं?” मंदिर त्यांनी पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल.

घड्याळाचा घोळ

पेनांग मलेशियात आहे आणि मलेशियाची वेळ सिंगापूरचीच, त्यामुळे घड्याळाला हात लावावा लागत नाही. थायलंड मात्र एक तास मागे आहे. फुकेतला फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवायला लागतो, आणि जहाज जर सिंगापूरच्या वेळेवरच चालत असेल तर फोनवर तीन वाजलेले असताना जहाजावर चार वाजलेले असतात. आमच्या लेकीने नेमकं फोनकडे बघून “अजून तास आहे” असं सांगितलं आणि सासऱ्यांच्या जुन्या चावीच्या घड्याळाने आम्हाला वाचवलं. तेव्हापासून नियम एकच: एका मनगटावर जहाजाची वेळ, आणि ते मनगट तरुण माणसाचं नसावं.

शिवाय परत चढायची वेळ जहाज सुटण्याच्या आधीची असते, साधारण अर्ध्या तासापासून तासभर. जहाजाने स्वतः नेलेली सहल उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. तुम्ही तुमच्या टॅक्सीने गेला असाल तर थांबत नाही. वेळापत्रकात नऊ तास दिसले तरी माझ्या हिशेबाने पेनांगला सात हाती लागतात आणि फुकेतला साडेपाच. टेंडरची रांग जाताना आणि येताना, दोन्ही वेळा असते.

पेनांगचा दिवस

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण नऊ माणसांना नऊ गोष्टी देणारं ठिकाण क्वचितच सापडतं.

सकाळी ऊन चढायच्या आत पेनांग हिल. धक्क्यापासून गाडीने साधारण अर्ध्या तासावर एअर इताम भागात डोंगराच्या पायथ्याचं स्टेशन आहे. तिथून दोरीने ओढली जाणारी रेल्वे वर जाते. माथेरानच्या गाडीसारखी ती वळणं घेत रमतगमत चढत नाही. ही सरळसोट उभी चढते. सुमारे दोन किलोमीटरचा मार्ग काही मिनिटांत संपतो. १९२३ पासून ही रेल्वे आहे, डबे अर्थातच नवे. वर खालच्यापेक्षा चार-पाच अंश गार असतं, बाकडी भरपूर आहेत, आणि एक मुरुगनचं देऊळही आहे. सासूबाईंना देऊळ, सासऱ्यांना वारा, मुलांना गाडी. शनिवार-रविवारी आणि मलेशियातल्या सुट्ट्यांना रांग लांबलचक असते. तेव्हा जलद रांगेचं महाग तिकीट काढावं, नऊ माणसांचं बिल बघून पोटात गोळा आला तरी. देखभालीसाठी रेल्वे अधूनमधून बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी तारीख पडताळा.

उतरल्यावर जवळच केक लोक सी हे मोठं बौद्ध मंदिर आहे. क्वान यिन देवीची ३०.२ मीटर उंच ब्राँझची मूर्ती तिथे आहे. मंदिर डोंगरउतारावर पसरलेलं आहे आणि पायऱ्या अतोनात आहेत. मूर्तीपर्यंत जायला तिरकी लिफ्ट आहे, पण मधल्या टप्प्यात गुडघे बोलतात. डोंगर आणि मंदिर दोन्ही एका दिवसात करू नका. आम्ही केलं, आणि दुपारी दोन वाजता सगळे एकमेकांशी तुटकपणे बोलत होते.

डोंगर जमणारच नसेल तर नुसतं जॉर्ज टाउन पुरे. २००८ मध्ये मलाक्कासोबत हे शहर जागतिक वारसा यादीत आलं. धक्क्याजवळच व्हिक्टोरिया राणीचा घड्याळाचा मनोरा आहे. तो ६० फूट उंच आहे, राणीच्या राज्याच्या ६० वर्षांसाठी वर्षाला एक फूट. त्याला लागून फोर्ट कॉर्नवॉलिस. हाच तो गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस, ज्याच्यासोबत टिपूविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन श्रीरंगपट्टणवर गेले होते आणि १७९२ चा तह झाला होता. हे कळल्यावर सासरे किल्ल्यातून हलायला तयार होईनात. तोवर मुलीने आर्मेनियन स्ट्रीटवरची भिंतीवरची चित्रं गाठली. खऱ्या सायकलवर बसलेली दोन रंगवलेली भावंडं हे त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध चित्र, २०१२ मधलं. फोटोसाठी रांग लागते.

चालायचं नसेल तर जुन्या शहरातून फिरणारी ‘कॅट’ नावाची फुकट बस आहे, आणि तीनचाकी सायकलरिक्षाही. रिक्षाचा भाव आधी ठरवावा. आजी-आजोबांना एका रिक्षात बसवून आम्ही मागून चालत गेलो. त्या दिवसाचा सगळ्यांत चांगला फोटो तोच.

फुकेतचा दिवस

फुकेतला पुढे तीन वाटा आहेत. पातोंगच्याच वाळूत बसायचं, पंधरा-सतरा किलोमीटरवरचं जुनं फुकेत गाव आणि ‘वाट चलोंग’ नावाचं मंदिर करायचं, किंवा स्पीडबोटीने फी फी बेटांवर जायचं.

तिसरी वाट मी क्रूझच्या दिवसात बादच करते. टेंडर, मग घाटातून गाडी, मग स्पीडबोट, आणि हेच सगळं उलट. स्पीडबोट लाटेवर आपटते तेव्हा मणक्याला हिसका बसतो. पाठीचं दुखणं असलेल्यांना आणि गरोदर बायकांना बरेच बोटवाले घेतच नाहीत. फी फीवरची प्रसिद्ध माया बे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंद असते आणि उघडी असते तेव्हाही तिथे पोहू देत नाहीत. ज्याला फी फी बघायचं आहे त्याने फुकेतला विमानाने जाऊन चार दिवस राहावं.

दुसरी वाट ठीक आहे. जुन्या गावातली चिनी-पोर्तुगीज धाटणीची रंगीत घरं सुंदर आहेत, पण मधे डोंगर आहे आणि रस्ता तुंबतो. आम्ही किनाऱ्यावर भाड्याने घेतलेल्या गाडीवाल्याने तर न विचारता आधी एका रत्नांच्या दुकानात नेलं. अर्धा तास गेला. भाव ठरवताना ‘दुकान नाही’ हे आधीच बजावून सांगा.

आणि पहिली वाट, नुसतं वाळूत बसणं, ही लहान मुलांच्या घराला सगळ्यांत सोयीची. पातोंगचा किनारा जवळपास तीन किलोमीटर लांब आहे. भाच्याला डोंगर, मंदिर, गाव यातलं काही नको होतं. त्याला बादली आणि वाळू हवी होती. खरं सांगायचं तर तो दिवस त्याचाच होता. पेनांगला ही गोष्ट कमी पडते. तिथला बातू फेरिंगीचा किनारा धक्क्यापासून पाऊण तासावर आहे, पाणी गढूळसर असतं आणि जेलीफिशचा त्रासही होतो. पोहण्यासाठी पेनांग निवडू नका.

पोटोबा

शाकाहारी घराला पेनांगमध्ये चिंता नाही. धक्क्यापासून थोड्याच अंतरावर लिटल इंडिया आहे, तिथे केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, पापड. जवळच १८३३ मधलं महामारिअम्मन मंदिर. जेवणानंतर चेंडोल घ्या: नारळाचं दूध, ताडगूळ, बर्फ आणि त्यात जाड हिरव्या शेवया. सासूबाईंनी शेवयांवर आधी शंका घेतली, मग दुसरी वाटी मागवली. जायफळाचं सरबतही मिळतं. आपल्याकडे कोकणात जायफळाच्या सालीचं लोणचं घालतात, त्यामुळे त्यांना ती चव ओळखीची निघाली.

फुकेतला ‘व्हेज’ म्हटलं तरी फिश सॉस पडण्याची शक्यता असते. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधा, तिथे मासे-मांसच काय, कांदा-लसूणही नसतो. जैन मंडळींना याहून चांगली खूण परदेशात मिळणार नाही.

गाड्या आणि कागद

पेनांगमध्ये ग्रॅब ॲपवर गाडी मिळते आणि भाव परवडतो. नऊ माणसांना दोन गाड्या लागतात. फुकेतच्या टॅक्सी बऱ्याच महाग आहेत. दोन्ही देशांनी भारतीयांना व्हिसात सवलत दिलेली आहे, पण या सवलती मुदतीच्या असतात, म्हणून तिकीट काढताना पुन्हा बघा. येण्यापूर्वी भरायचा ऑनलाइन अर्ज दोघांचाही आहे. तो जहाजाच्या प्रवाशांनी कसा भरायचा हे क्रूझवाल्यांनाच विचारा. सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा, कारण जहाज परत सिंगापूरलाच येतं.

काही फेऱ्यांत या दोन्हींऐवजी लंगकावी हे मलेशियातलं बेट असतं. तिथला धक्का गावापासून लांब आहे. पण उंचीची भीती नसेल तर ७०८ मीटरच्या माचिनचांगवर नेणारा रोपवे एकटाच दिवस वसूल करतो. वारा सुटला की तो बंद ठेवतात.

कोणीच उतरलं नाही तर?

हाही एक पर्याय आहे, आणि तो आजी-आजोबांसमोर पराभवासारखा मांडू नका. बंदराच्या दिवशी जहाज रिकामं असतं. पोहण्याच्या तलावात चार माणसं, बुफेला रांग नाही, डेकवरच्या सगळ्या खुर्च्या मोकळ्या. फुकेतला पुन्हा जाणं झालं तर सासूबाई उतरणार नाहीत, हे त्यांनी आताच जाहीर केलंय. भाच्याला त्याच्या आईवडिलांनी वाळूत न्यावं, मुलीने मावशीबरोबर बाजारात जावं, आणि आपल्याला चहा घेऊन वरच्या डेकवर सोडावं. सासरे त्यावर काही बोलले नाहीत, फक्त घड्याळाला चावी दिली.