हिअर, लिसन की हार्क? श्रवणमंडळाच्या फलकासाठी

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत रविवारी संध्याकाळी एकत्र बसून ऐकण्याचा उपक्रम सुरू होतोय. कधी जुनं नाट्यसंगीत, कधी कथावाचन. मंडळाचं मराठी नाव ‘श्रवण’ ठरलंय. पण शेजारी तमिळ, गुजराती, बंगाली घरं आहेत. त्यांनाही हे आपलं वाटावं म्हणून फलकावर एक इंग्रजी शब्द हवा. हिअर, लिसन, हार्क आणि अटेंड अशी चार नावं पुढे आलीत. तुमच्याकडे असाच विचार चालू असेल, तर हा ताळमेळ उपयोगी पडेल.

हिअर म्हणजे कानावर पडणं, लिसन म्हणजे कान देणं. ठाणे स्टेशनच्या पुलावर घोषणा सगळ्यांच्याच कानावर पडते. कान देतो तो, ज्याला फास्ट लोकल पकडायची असते. म्हणूनच इंग्रजीत ‘लिसन केलं, पण हिअर झालं नाही’ अशा अर्थाचं वाक्य सहज चालतं. आपल्या मंडळाला हवंय ते कान देणं. शिवाय ‘हिअरिंग’ म्हटलं की आपल्याकडे कोर्टाची तारीख आठवते, नाहीतर कानाचं मशीन. ‘हिअरिंग सर्कल’ असा फलक लावला, तर लोक कानतपासणीचं शिबिर समजतील.

हे दोन शब्द सख्खे वाटतात, पण मूळ वेगळं. हिअर ज्या धातूतून आला, त्याच्याशी ग्रीक ‘अकुएइन’चं नातं जोडतात; अकूस्टिक हा शब्द त्या ग्रीक क्रियापदाचा. लिसन मात्र जुन्या इंग्रजीतल्या ‘ह्लिस्नन’चा वंशज, आणि त्याचा मूळ धातू तोच, ज्यातून संस्कृतातला ‘श्रु’ आला. म्हणजे श्रवण, श्रोता, श्रुती ही सगळी लिसनची दूरची भावकी. इंग्रजीतला ‘लाउड’सुद्धा त्याच घरातला! नवविधा भक्तीत पहिलं स्थान श्रवणाला देणाऱ्या आपल्या माणसांना हे ऐकून आनंद व्हावा. मला तरी फार झाला.

लिसनमधला न उच्चारला जाणारा ‘टी’ मुळात नव्हता. ‘लिस्ट’ नावाचं, ऐकणे याच अर्थाचं एक क्रियापद होतं, त्याच्या संगतीने तो आला. पुढे बोलण्यातून गळला, लिहिण्यात राहिला. मुलं स्पेलिंगवर अडखळतात ती याच ठिकाणी.

हार्कचा मोह मलाही पडला. छोटा, खणखणीत, आणि मराठी कानाला त्यात ‘हाक’ ऐकू येते. ते साम्य योगायोगाचं. हार्क हिअरच्याच घरातला. ‘टेल’पासून ‘टॉक’ झाला, तसा हिअरला ‘क’ जोडून. त्याचं थोरलं रूप हार्कन. शिकारी कुत्र्यांचा माग सुटला की मागे वळवायची आरोळी ‘हार्क बॅक’. आज तिचा अर्थ जुन्या विषयाकडे वळणं असा झालाय. पण रोजच्या बोलण्यात हार्क उरलेला नाही, तो नाताळच्या गाण्यांत आणि जुन्या कवितांत भेटतो. तिसरी-चौथीतल्या मुलांच्या गोष्टींच्या तासाला हे नाव छान शोभेल. मोठ्यांच्या मंडळाला लावलं, तर दर रविवारी अर्थ सांगत बसावं लागेल.

अटेंड लॅटिनमधला, ‘कडे ताणणं’ या अर्थाचा. मन तिकडे ताणलेलं. कल्पना सुंदर आहे, पण आपल्याकडे अटेंडन्स म्हणजे हजेरी. बाद.

माझं मत लिसनला. त्यातली एक छटा तर आपल्या घराघरातली: ‘पोरगा ऐकत नाही’ याला इंग्रजीतही ‘डझन्ट लिसन’च म्हणतात. मात्र नुसतं ‘लिसन’ नको, ते दटावल्यासारखं वाटतं. ‘लिसनिंग’ किंवा ‘लिसनर्स’ घ्यावं. वर ‘श्रवण’, खाली ‘लिसनर्स’, दोन्ही अक्षरं सारख्याच आकाराची. रंगाऱ्याला ‘टी’ विसरू नकोस, एवढं बजावून ठेवा.