कोनसेट: छर्ऱ्यांचा घ्यावा की टेपरचा?

मोटरसायकल साठ-सत्तरच्या पुढे डुलायला लागली की जो तो आधी कोनसेटला, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या वरच्या-खालच्या बेअरिंगच्या जोडीला, दोष देतो. त्याआधी दोन्ही टायरची हवा बघा, मागचा टायर मधोमध सपाट झालाय का बघा आणि मागचं चाक धरून आडवं हलवून चिमट्याचे (ज्यात ते चाक बसतं त्या मागच्या दांड्यांचे) बुश तपासा. कॅरिअरवर जड पेटी असेल तर ती उतरवून एक चक्कर मारा. एवढं करूनही हँडल झोल खात असेल तर मग कोनसेट. आणि तो बदलायचाच असेल, तर पुन्हा छर्रे (पोलादी गोळ्या) टाकायचे की टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरचं बेअरिंग बसवायचं, हे ठरवावं लागतं. मी दोन्ही एकाच गाडीवर, इंदूरच्या रस्त्यांवर वापरली आहेत.

छर्ऱ्यांच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. सेट स्वस्त, कुठल्याही गल्लीतला मेकॅनिक बसवून देतो, आणि नवा असताना हँडल इतकं हलकं की राजवाडा-सराफ्याच्या गर्दीतून गाडी बोटांवर निघते. टेपरला हा हलकेपणा निदान सुरुवातीला तरी नसतो, हे मान्य केलंच पाहिजे.

मला मात्र एकच गोष्ट खटकत राहिली, ती म्हणजे हँडलचं मधोमध अडकणं. गाडी डबल स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागचा भाग दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल, आणि हँडल दोन बोटांनी अगदी सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्या. चाक सरळ येतं तिथे खाचेत बसल्यासारखं अडखळलं, तर छर्रे ज्यांत फिरतात त्या वाट्या गेल्या म्हणून समजा. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. त्यामुळे खड्ड्यांचा आणि स्पीड ब्रेकरचा मार बसतो तेव्हा छर्रे वाटीत त्याच त्या जागी असतात. छर्रा वाटीला एका बिंदूवर टेकतो, म्हणून नेमके तिथे खळगे पडतात आणि ग्रीसही बाजूला सरकतं. सरळ जाताना हँडल स्वतःहून अगदी थोडंथोडं इकडेतिकडे होऊन गाडी सावरत असतं. खाच पडली की ते थांबतं. मग गाडी जरा डावीकडे जाते, आपण आणतो, तर खाच ओलांडून उजवीकडे जाते.

अशा वेळी मेकॅनिक म्हणतो, "भाऊ, थोडं कसून देतो." खरी मेख इथे आहे. झीज झालेली असते फक्त मधोमध. तिथला ढिलेपणा जाईल इतका नट कसला, की जिथे वाटी अजून चांगली आहे तिथे, म्हणजे वळणावर, हँडल घट्ट होतं. सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरताना मला हे फार जाचायचं: प्रत्येक वळणातून हँडल ओढून परत आणावं लागे. सैल करून घेतलं, तर पुढचा ब्रेक दाबताच खालून टक्‌ आवाज आणि मोकळ्या रस्त्यावर पुन्हा थरथर. दर पावसाळ्यानंतर हेच. या कसण्या-सोडण्याला कंटाळूनच मी टेपरकडे वळलो.

टेपरचे रोलर वाटीला रेषेत टेकतात, त्यामुळे मार वाटला जातो. टेपर बेअरिंगही अमर नाही. ग्रीस कमी पडलं किंवा धुताना प्रेशरचं पाणी खालच्या बेअरिंगमध्ये शिरलं, तर तेही गंजतं. पण माझ्या गाडीत मधली खाच अजून परत आलेली नाही, आणि घाटात हँडल आपण होऊन सरळ येतं. प्रत्येकाचा अनुभव असाच असेल असं नाही. तरी एवढ्यासाठी मला जास्तीचे पैसे जड वाटले नाहीत.

अडचण आहे ती बसवण्याची. वाटी फ्रेममध्ये तिरकी ठोकली गेली तर महागडा सेटही वाया जातो. खालचं बेअरिंग टीच्या (फोर्क धरणाऱ्या खालच्या भागाच्या) दांड्यावर शेवटपर्यंत बसलं पाहिजे. सेट आपल्याच मॉडेलचा घ्या, कारण उंचीत फरक पडला तर वरच्या नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत. आणि छर्ऱ्यांच्या सवयीने टेपर आवळलं, तर संथ चालीत गाडी लहरते. नट आधी कसून वाट्या बसवायच्या, मग सोडायचा, मग हलकेच पुन्हा लावायचा. पुढचं चाक उचलून हँडलला किंचित धक्का दिला की ते स्वतःच्या वजनाने बाजूला पडलं पाहिजे, आणि फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवली तर खडखड लागता कामा नये.

शहरातच फिरत असाल आणि टेपर नीट बसवणारा हात जवळपास नसेल, तर छर्ऱ्यांचा नवा सेट वाईट नाही. फक्त वाट्यांसकट बदला. जुन्या खळग्यांत नवे छर्रे टाकून काही साधत नाही. ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू अशा लांबच्या फेऱ्या वरचेवर होत असतील, तर मी तरी टेपरच सुचवेन. बसवल्यावर काहीशे किलोमीटरनंतर नट एकदा तपासून घ्या. वाट्या जागेवर बसतात तसा थोडा ढिलेपणा येतो आणि तो काढून टाकायला मेकॅनिकला फार वेळ लागत नाही.