ई२० वर आठ महिने, जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी आणि तो एक स्क्रू

गाडी १९९८ची. रोज सांगली-मिरज आणि महिन्यातून एकदा पुणे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालंच पेट्रोल (तेच ई२०) मिळतं, आणि आमच्या घरात इथेनॉलला नावं ठेवायची सोय नाही, दोन एकर ऊस आहे.

पहिला घोळ पीयूसीला झाला. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) २.८ टक्के आला, माझ्या गाडीला लिमिट ३, तर फिटर म्हणला थांबा कमी करून देतो, मिक्श्चर स्क्रू (कार्ब्युरेटरमधलं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) आवळला, लगेच ०.६. मी खूश! दुसऱ्या दिवसापासून गाडी सिग्नलला थडथडायला लागली, मागं उभं राहिलं की कच्च्या पेट्रोलचा वास. परत मशीन लावलं तर एचसी (न जळलेलं पेट्रोल, पीपीएममध्ये) ४०० वरनं ११५० वर. झालं काय, नुसत्या पेट्रोलला किलोमागं १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९च, त्यात स्वतःचाच ऑक्सिजन असतो ना, म्हणजे जुन्या सेटिंगवर ई२० पडलं की मिश्रण पहिल्यापेक्षा लीन, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी, आणि वर हा स्क्रू आवळलेला, मग कधी पेटतं कधी नाही आणि न जळलेलं तसंच सायलेन्सरमधून बाहेर. अर्धा फेरा सोडला, सीओ १.१, एचसी ३५०.

पण हा स्क्रू आयडलपुरताच हो, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असतं तेवढ्यापुरता. खंबाटकी घाट चढताना गाडी मेन जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मोठं भोक) असते, तिथं लीनच, पिकअप खायची. आणि जरा लीन असताना एनओएक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड) सगळ्यात जास्त बनतो, तो तर पेट्रोल गाडीच्या पीयूसीत मोजतच नाहीत! शेवटी मिरजेच्या एका जुन्या मिस्त्रीनं एक नंबर मोठं जेट टाकलं, तेव्हा कुठं बरं वाटलं.

टायमिंग (ठिणगी कधी पडायची ते) पण मागं घेऊन बघितलं, दोन डिग्री. त्यानं एचसी, एनओएक्स दोन्ही कमी होतात खरं, पण घाटात दुसरा गिअर सुटंना. परत होतं तिथं आणलं.

ॲव्हरेज १७ चं पावणेसोळा. डिसेंबरात सकाळी चोक जास्त वेळ ओढून ठेवायला लागतो, आणि गरम होईपर्यंतचा धूर डोळ्याला झोंबतो (इथेनॉलनं धुरात ॲसिटाल्डिहाइड नावाचं झोंबणारं रसायन वाढतं, त्याचाच असावा). मेव्हण्याच्या इंजेक्शनवाल्या गाडीला यातलं काही नाही, ऑक्सिजन सेन्सर बघून ती पेट्रोल स्वतःच वाढवते.

पेट्रोलचे रबरी पाइप मात्र मी सगळे बदलून घेतले, जुने फुगले होते.