परदेशातली लेखन कार्यशाळा आणि माझे १,४९,८०० रुपये

फसवणुकीत गेलेला आकडा आधीच सांगून टाकतो: १,४९,८०० रुपये. इंग्लंडमध्ये इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी सर्जनशील लेखनाची निवासी कार्यशाळा, तिला 'आश्रयदाता' म्हणून माझी मदत आणि बदल्यात माझ्या पुतणीला एक जागा. पुतणी इंग्रजीत कविता करते. बेळगावात राहून इंग्रजीत का, हा वाद घरात होऊन गेलाय, तो इथं नको.

हसायचं त्यानं हसावं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, आमच्या भागातलं साहित्य संमेलन कुठलंही असो, समितीची माणसं पावतीपुस्तक घेऊन दारात आली की आपण नाही म्हणत नाही. देणगीदारांची नावं फोन नंबरासकट स्मरणिकेत छापतात. फोन करून मला गंडवणाऱ्या त्या हरामखोराला माझा नंबर तिथूनच मिळाला असणार. बोलणं काय गोड! कवी दिलीप चित्रे अमेरिकेत आयोवाला लेखकांच्या कार्यक्रमाला गेले होते, इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० पासून लेखन शिकवतात, सगळं तोंडपाठ. आणि ते सगळं खरं हो, खोटा तेवढा हाच.

आधी देणगीचे २५,०००. मग निवासाचे ६५,०००. मग 'व्हिसाचा स्लॉट धरून ठेवायला' १८,५००. ब्रिटनच्या व्हिसाची फी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर भरतात आणि बोटांचे ठसे द्यायला ज्याचं त्यालाच जावं लागतं. स्लॉट धरून देणारा भेटला तर फोन ठेवा.

जीव जळतो तो त्या ६५,००० पाशी. क्यूआर स्कॅन केला आणि पडद्यावर नाव आलं. कार्यशाळा घेणाऱ्या ट्रस्टचं नाही, कुणा एका माणसाचं, आडनावासकट. पुतणी शेजारीच. "काका, हे नाव भलतंच आहे की!" मी म्हटलं, "अगं, खजिनदार असेल," आणि पिन दाबला. का नाही म्हणणार? गावच्या समितीची वर्गणी खजिनदाराच्याच फोनवर जाते ना? पण परदेशी संस्थेला पैसे पाठवायचे तर बँकेत फॉर्म, पॅन, कारण, सगळं द्यावं लागतं. मशीनचे सुटे भाग मागवताना मीच हे करतो, आणि त्या दिवशी नेमकं डोक्यात आलं नाही.

वर पावतीवर ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकराची सवलत छापलेली! परदेशातल्या ट्रस्टच्या देणगीला ही सवलत लागूच होत नाही. सीएनं एका नजरेत सांगितलं, पण पैसे गेल्यावर. ट्रस्टचा नोंदणी क्रमांक इंग्लंडच्या चॅरिटी कमिशनच्या यादीत फुकट बघता येतो, बघा. आमचा भलत्याच संस्थेचा निघाला.

शेवटी 'परकीय चलन कर' म्हणून ४१,३०० घेतले आणि नंबर बंद.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार लागली, तिथवर ठीक. पुढं ठाणं. मराठी अर्ज साहेबांनी हातात धरलाच नाही. "कन्नडदाग बरकोंड बर्री." बाहेर टायपिस्टला २०० रुपये देऊन कन्नडमध्ये करून आणला, तर म्हणे तुमचं बँक खातं चंदगडच्या शाखेत, म्हणजे महाराष्ट्र, तिकडं जा. तिकडं म्हणे राहता कर्नाटकात, तिकडं जा. १९५६ पासून आमचं हेच चाललंय, आता आमच्या पैशांचंही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता गुन्हा नोंदवावा लागतो, हे छापील कागद पुढं करून सांगितलं. उत्तर काय? "वकील आहात का?" बँकेचं तर विचारूच नका. पिन तुम्हीच दाबलात, विषय संपला. अहो, पिन मी दाबला म्हणूनच तर याला फसवणूक म्हणायचं! आणि त्या भामट्याचं खातं कुठल्या केवायसीवर उघडलं, ते कोण सांगणार?

त्या खात्यात गोठलेले सापडले ६,२०० रुपये, तेही कोर्टाच्या आदेशाशिवाय सुटणार नाहीत, असं तेव्हा मला सांगितलं. लाजेपोटी गप्प बसू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत १९३० लावा.

परवा एका 'सायबर वकिला'चा फोन आला. माझी रक्कम, तक्रारीची तारीख, सगळं त्याला पाठ. ४,९९९ आगाऊ भरा, पैसे सोडवून देतो म्हणाला. तक्रार केलेल्यांच्या मागं ही दुसरी टोळी लागतेच, तुम्हालाही येईल हा फोन. मी तो नंबर तक्रारीत जोडायला गेलो, तर ठाण्यात म्हणाले, याचा वेगळा अर्ज द्या.